नांदूरमध्यमेश्वरला पट्टकादंब मोजायचे असतील तर काठाने चालू नका

"मार्चच्या पहिल्या आठवड्यात या ताई, मनोऱ्यावर बसलात की पट्टकादंब समोरच," असं मला फोनवर सांगितलं होतं. पट्टकादंब म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले, हिवाळ्यात येणारे हंस (बार-हेडेड गूज), आणि नांदूरमध्यमेश्वर म्हणजे निफाडजवळच्या बंधाऱ्याचं पक्षी अभयारण्य. त्या भरवशावर मी आणि आतेभाऊ नाशिकहून पहाटे चारला निघालो आणि उजाडायच्या आत चापडगावचा मनोरा गाठला. दहापर्यंत वारकरी आणि थापट्या हे पाणपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, चक्रवाकांच्या जोड्या सगळं दिसलं. हंस एकही नाही.

तारीख बरोबर होती, जागा आणि वेळ चुकली. पट्टकादंब रात्री गव्हा-हरभऱ्याच्या शेतांत चरतात, पहाटे पाण्यावर परततात आणि दिवसभर उघड्या गाळावर चोच पंखात खुपसून पडून राहतात. मनोरा बदकांसाठी उत्तम आहे. हंस मोजायला तो निरुपयोगी आहे.

मग कुणीतरी म्हणालं, थवा मांजरगावच्या अंगाला बसलाय, काठाकाठाने अर्ध्या तासाची वाट. ही वाट कुणीही धरू नये, म्हणून सविस्तर सांगते. कालव्यांना आवर्तन (शेतीचं पाणी) सुटलं की बंधाऱ्यातलं पाणी उतरतं आणि काठावर काळ्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरून तो भेगाळलेला, टणक दिसतो. पाच पावलं नीट जातात, सहाव्याला पाय गुडघ्यापर्यंत आत. काढायला जावं तर बूट खालीच राहतो. त्यातून बेशरमाची झुडपं, मध्येच लोकांची गाळपेर (उघड्या गाळावर पेरलेलं पीक), त्या उभ्या पिकातून जायची सोय नाही, पुन्हा खाली गाळातच उतरायचं. अर्ध्या तासाला अडीच तास लागले. भावाच्या तिपाईचा एक पाय गाळात अडकून मोडला. एवढं करून आम्ही दोनशे मीटरवर पोचलो आणि अख्खा थवा उठला.

चिखलापेक्षा ते जास्त लागलं. या दिवसांत हे पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात. इथून तिबेट, मंगोलियाकडे जायचं तर मध्ये हिमालय आहे. उपग्रह-ट्रान्समीटर लावलेल्या पट्टकादंबांची 7,290 मीटरपर्यंतची उंची नोंदली गेली आहे, आणि चढण ते बहुतेक रात्री आणि पहाटे, हवा थंड आणि दाट असताना पार करतात. त्यासाठी साठवलेलं बळ आम्ही त्यांना भर उन्हात उगाच खर्चायला लावलं. जवळ जाऊ नका. चांगला स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) असेल तर अर्ध्या किलोमीटरवरून डोक्यामागचे दोन काळे पट्टे मोजता येतात.

दुसरा दिवस सोपा गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त संध्याकाळ महत्त्वाची. पाणी आणि शेतं यांच्या मधोमध, गाडीरस्त्यावरच, पश्चिमेच्या उजेडाकडे तोंड करून थांबलो. सूर्य बुडाल्यावर आधी आवाज आला, नाकातून काढल्यासारखा, मग ओळी. 43. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना आकडा सांगायचा नाही, वहीत लिहून मगच ताडून पाहायचं. मोठा थवा असेल तर दहाचा एक गट डोळ्यात बसवून तेवढे गट मोजा. पहाटेच्या परतीला पुन्हा मोजा आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करू नका, पक्षी तेच असतात. पहिल्या वर्षाच्या पिलांच्या डोक्यावर पट्टे स्पष्ट नसतात, त्यामुळे मोजताना ती नजरेतून सुटतात. जाड मानेचा, गुलाबी चोचीचा दिसला तर तो कलहंस. त्याची वेगळी नोंद करा, इथे तो क्वचितच येतो. मानेत अभ्यासकांनी घातलेली रंगीत पट्टी दिसली तर तिचा रंग आणि अक्षरं आधी लिहा, फोटो नंतर.

खर्चाचं: निफाड स्टेशनला जायला-यायला रिक्षा करू नका. आमची गाडी भावाचा मित्र घेऊन गेल्यामुळे परतीला आम्ही केली, तर बारा-पंधरा किलोमीटरचे नऊशे रुपये घेतले, तेही आधी पाचशे ठरलेले असताना. स्वतःचं वाहन आणा. स्थानिक पक्षीमार्गदर्शक मात्र जरूर घ्या. आम्हाला दुसऱ्या दिवशी भेटलेल्या दादांनी गाळाचा रस्ता ऐकूनच कपाळाला हात लावला. पैसे आधी बोलून घ्या, आणि "मनोऱ्यावरून दिसतील" म्हणणारा असेल तर दुसरा शोधा.

निफाडची पहाट मार्चच्या सुरुवातीलाही बोचरी असते, स्वेटर असू द्या.

तिसऱ्या पहाटे आम्ही त्याच रस्त्यावर होतो. सात वाजेपर्यंत शेतांकडून एकही ओळ आली नाही. मग खूप उंचावर, उत्तरेकडे तोंड केलेला एक लांब कोन दिसला. मी 41 मोजले, भावाने 42. वहीत दोन्ही आकडे तसेच ठेवलेत.