उरलेले वीस रुपये

मानसशास्त्रात एम.ए. होऊन दोन वर्षं झाली. कोल्हापुरात शाहूपुरीत एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमांकडे काम करते. केस हिस्टरी घ्यायची, त्यांच्या नजरेखाली चाचण्या घ्यायच्या, रिपोर्ट टाइप करायचा. सही त्यांचीच, कारण आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर त्यांच्याकडे आहे. तो मिळवायचा नेहमीचा रस्ता म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल. होतं आणि जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यात यूजीसीनं एम.फिल.च बंद केलं आणि २०२४ मध्ये आमच्या क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायचा की परिपत्रकं वाचत बसायचं?

गेल्या महिन्यात भुदरगडकडची एक बाई बारा वर्षांच्या मुलाला दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी घेऊन आली. (ओळखीच्या खुणा बदलल्यात.) कामत चाचणीत बुद्ध्यांक ६२ आला होता. राहिली होती व्हीएसएमएस, म्हणजे रोजची कामं किती जमतात ते बघणारी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता चाचणी. नागपूरच्या मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली ही चाचणी ८९ बाबींची. ती मुलाची घेत नाहीत, आईला विचारून भरतात. माझी खरी तक्रार इथंच आहे. दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणारा आकडा, आणि तो जिला टक्के हवेत तिच्याच तोंडून घ्यायचा.

"एकटा कुठं जातो का, मावशी?"

"न्हाई ओ म्याडम. त्येला काय बी जमत न्हाई."

पैसे? न्हाई. निरोप? न्हाई. पाठ केल्यासारखं. सामाजिक वय सव्वासहा निघालं, त्याला खऱ्या वयानं भागून शंभरनं गुणलं की भागफल ५२. म्हणजे ७५ टक्के.

बेरीज करेपर्यंत मावशींनी कमरेची पिशवी सोडून पोराच्या हातात पन्नासची नोट दिली. "जा रं, तीन च्या आन. म्याडमला बिनसाखरंचा सांग." सकाळी मी सहज बोलले होते, तेवढं त्यांच्या लक्षात होतं. पोरगं जिना उतरलं, रस्ता ओलांडून गाड्यावर गेलं. मी खिडकीतून बघत होते. कॅरीबॅगमधला चहा आणि तीन कागदी कप घेऊन आलं, उरलेले वीस आईला दिले. तिनं न बघता पिशवीत टाकले.

चहा बिनसाखरेचा होता.

मी फॉर्म पुन्हा पहिल्यापासून घेतला. आता प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं, "जमत नाही, की करू देत नाही?" संधीच न मिळालेल्या बाबीची खूण वेगळी असते, आणि घाईत भरणारे ती हमखास विसरतात. मघाशी मीही विसरले होते. मावशी हळूहळू खरं सांगायला लागल्या. धार काढतो. डेअरीला दूध घालून चिठ्ठी आणतो. सामाजिक वय साडेआठ, भागफल ७१. सत्तरच्या वर गेलं की तक्त्यात २५ टक्के, आणि संजय गांधी निराधारच्या अर्जाला लागतात ४०. सत्तरच्या आत असता तर ५० मिळाले असते.

मॅडमनी दोन्ही फॉर्म वाचले. "दुसराच जाईल. चहाचंही लिही." बुद्ध्यांक आणि भागफल जुळत नाहीत, दाखला देणारं मेडिकल बोर्ड बघेल, म्हणाल्या. मॅडम कधीच आकडा वाकवत नाहीत, म्हणून तर मी इथं टिकलेय. पण मावशींना कुणी शिकवून पाठवलं होतं ते त्यांनी विचारलं नाही, मीही नाही.

निघताना मावशींनी मलाच गाठलं. "कागद हुईल न्हवं? तहसीलला टक्के इचारत्यात."

"सही मॅडमची असते, मावशी," मी म्हणाले. नंबर नसल्याबद्दल दोन वर्षं कुरकुरतेय, आणि त्या दिवशी त्याच्याच आड लपले.