क्रूझवरची फॉर्मल नाइट: टक्सेडो भाड्याने घेऊ नका, जोधपुरी शिवा

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझला आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून आता बरीच मंडळी जातात. त्यांतल्या पुरुषांसाठी हे लिहितोय. व्हिसा, फॉरेक्स, बाल्कनीची केबिन घ्यावी की आतली, यावर पाहिजे तेवढं लिहिलेलं सापडतं. संध्याकाळी अंगात काय घालायचं यावर मात्र जो तो ऐकीव सांगतो. त्या ऐकीवापायी माझे साडेनऊ हजार रुपये गेले, म्हणून जरा तपशीलवार लिहितो.

आमच्या टूरवाल्याने बुकिंगचे सगळे पैसे हातात पडल्यावर फोन केला. म्हणाला, एक रात्र फॉर्मल नाइट, म्हणजे औपचारिक पोशाखात जेवायची रात्र, असते; टक्सेडो (सॅटिनच्या कॉलरचा काळा सूट) आणि बो टाय नसेल तर डायनिंग हॉलच्या दारातून परत पाठवतात. साधा सूट चालणार नाही का, विचारलं. ‘नाही सर, इंटरनॅशनल रूल आहे.’

असा कुठलाही इंटरनॅशनल रूल नाही. प्रत्येक क्रूझ कंपनीचा आपापला नियम असतो आणि तो बुकिंगच्या कागदांत छापलेला असतो. आमच्या कागदांत ‘सूट-टाय, टक्सेडो किंवा आपल्या देशाचा औपचारिक पोशाख’ असं स्वच्छ लिहिलं होतं. ते कागद टूरवाल्याने दिले निघायच्या आदल्या दिवशी. तोवर भाड्याचे आणि डिपॉझिटचे पैसे ऑनलाइन भरून झाले होते, आणि दुकान टूरवाल्याच्याच ओळखीचं. काय समजायचं ते समजा.

दुकान बंगळूरला. भाडं साडेसहा हजार, डिपॉझिट दहा हजार. भाडं दिवसावर, आणि दिवस मोजायचे ते कोट दुकानातून बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत. म्हणजे घालायचा एक संध्याकाळ आणि भाडं अख्ख्या प्रवासाचं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने सकाळी बंगळूरला उतरलो, रात्रभर वरच्या बर्थवर नीट झोप नाही, आणि दुकान उघडणार अकराला. शटरसमोर बॅगांवर बसून राहिलो. उघडल्यावर जो कोट पुढे आला त्याच्या बाह्या माझ्या बोटांच्या पेरांपर्यंत. कॉलरच्या सॅटिनखाली गोंदाचे फुगे आलेले, हात फिरवला की कळायचे. बो टाय रबराचा, त्याचं रबर सैल. पँटच्या कमरेला दोन्ही बाजूंना पट्ट्या, त्या ओढून पोटावर बसवायची. टक्सेडोच्या पँटला बेल्टच्या लूप नसतात हे खरं, पण म्हणून ती घसरावी असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘दुसरा साइझ नाही सर, वेडिंग सीझन आहे.’

परत देताना त्याच माणसाने कोट उजेडात धरला, बाहीवर नखाएवढा डाग दाखवला आणि ड्रायक्लीनिंगचे म्हणून तीन हजार कापून घेतले. तो डाग आधीचा की आमचा, सिद्ध कशाने करणार? तरीही कोणाला भाड्याने घ्यायचाच असेल तर ताब्यात घेताना दुकानातच, त्या माणसासमोर, आत-बाहेर सगळ्या कोटाचे फोटो काढा आणि त्यालाच व्हॉट्सअॅप करून ठेवा. पण माझं मत विचाराल तर घेऊच नका.

आता नियम खरोखर काय असतात ते. कुनार्ड या कंपनीच्या जहाजांवर गाला इव्हिनिंगला, म्हणजे त्यांच्या फॉर्मल नाइटला, पुरुषांनी डिनर जॅकेट (म्हणजे टक्सेडोच) किंवा गडद सूट घालावा अशी अजूनही अपेक्षा असते, ती मंडळी हा प्रकार मनावर घेतात. सेलिब्रिटी या कंपनीने २०१५ साली फॉर्मल नाइट बंद करून ‘इव्हिनिंग शीक’ नावाचा सैल प्रकार आणला. नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर सक्तीची फॉर्मल नाइट नाहीच. बाकीच्या बहुतेकांवर आठवड्याच्या सफरीत अशा एक-दोन रात्री येतात, छोट्या सफरीत एखादीच. पहिल्या रात्री सहसा ती नसते, कारण लोकांच्या बॅगा केबिनपर्यंत पोचलेल्या नसतात; जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी असते. आणि ज्याला यातलं काहीच घालायचं नाही त्याच्यासाठी वरच्या डेकवरचा बुफे उघडा असतो. तिथे साध्या टी-शर्टातही जेवता येतं, उपाशी कोणी राहत नाही. ‘दारातून परत पाठवतात’ या वाक्यात एवढा भाग टूरवाला गाळतो.

बरोबर कोण कोण होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच कळलं. माझे साडू निपाणीचे. त्यांनी टूरवाल्याला एक पैसा जास्त दिला नाही. पुतण्याच्या लग्नात शिवलेला बंद गळ्याचा नेव्ही ब्लू जोधपुरी घडी करून बॅगेत टाकला आणि आले. (निपाणीहून बेळगावला ते खासगी गाडी करून आले. सीमावादापायी दोन्हीकडच्या एसटी कधी बंद होतील सांगता येत नाही, विमानाच्या आदल्या दिवशी तिच्या भरवशावर राहू नका.) आणि सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, खानापूर तालुक्यातले. आयुष्यात पँट घातली नाही, घालणारही नाहीत. ‘आत घेतलं नाही तर वर जेवीन, त्यात काय’ म्हणून धोतर, काळा लांब कोट आणि फेट्याचं कापड घेऊन निघाले.

त्या संध्याकाळी मी केबिनमधून बाहेर आलो. साडूंनी एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “बँडवाले दिसायलाय की तुम्ही.” यावर उत्तर नव्हतं. जहाजावर टक्सेडो घातलेले पुरुष मोजकेच, बहुतेक पिकल्या केसांचे गोरे, त्यांच्या अंगावर तो बसलेलाही होता. बाकी सगळे साध्या गडद सुटात. काही जण नुसता फुल शर्ट आणि टाय लावून आले, त्यांनाही कोणी अडवलं नाही.

अडवलं ते साडूंना. अंगात उत्तम जोधपुरी आणि पायात अथणीची कोल्हापुरी, खास तेल देऊन आणलेली. दारावरच्या मॅनेजरने हसून, नम्रपणे सांगितलं की डायनिंग हॉलमध्ये पुरुषांना बोटं उघडी राहणारं पादत्राण चालत नाही. साडू ऐकणारे नव्हेत. कोल्हापुरीला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये पुरुष मॉडेलांच्या पायांत अशीच चप्पल घातली. हे सगळं त्यांनी मोडक्या इंग्रजीत त्या बिचाऱ्याला ऐकवलं. मागे रांग वाढत गेली. मॅनेजरने मान डोलावली आणि तोच नियम पुन्हा सांगितला. शेवटी साडू केबिनमध्ये जाऊन काळे बूट घालून आले. बूट होते म्हणून बरं. नुसत्या कोल्हापुरीवर आणि स्पोर्ट्स शूजवर क्रूझला निघालेले आपले लोक मी त्याच जहाजावर पाहिले, ते वर बुफेला गेले. बंद काळे बूट आणि काळे मोजे, यात सवलत धरू नका. कोट थोडा इकडेतिकडे चालतो, पायांवर मात्र दारावरच्या माणसाची नजर असतेच.

मामांचं निराळंच. त्यांना तयार फेटा चालत नाही, बांधूनच लागतो. फेट्याचं कापड आठ-नऊ मीटर आणि केबिन म्हणजे पलंगाभोवती हातभर जागा. मग दार उघडलं, मामा आत आरशासमोर, साडू बाहेर पॅसेजमध्ये दुसरं टोक ताणून धरून उभे. पीळ भरत भरत ते एकेक पाऊल पुढे सरकायचे. केबिन साफ करणारा फिलिपिनो पोरगा ट्रॉली घेऊन आला आणि फेट्याच्या पलीकडे अडकला. पाच मिनिटं तो तसाच थांबला, मग ट्रॉली सोडून त्यानेही मधे हात लावला.

मामांना दारावर कोणी काही विचारलं नाही. मॅनेजरने खुर्ची स्वतः ओढून दिली. फोटोसाठी इतके लोक आले की सूप गार झालं. पायांत त्यांचे नेहमीचे काळे पंपशू. हे मला नंतर कळलं आणि फार गंमत वाटली: जुन्या इंग्रजी रिवाजात डिनर जॅकेटखाली घालायचा बूट म्हणजे पंपशूच, चकचकीत काळ्या चामड्याचा, वर रेशमी बो लावलेला. त्या हॉलमध्ये पायांपुरते सगळ्यांत फॉर्मल मामाच होते. धोतर नेसणाऱ्यांना एकच सूचना: जेवण झाल्यावर उघड्या डेकवर जायचं तर काचा पक्का खोचा आणि निऱ्यांना सेफ्टी पिन लावा. समुद्रावरचा वारा वाईट असतो.

तर निर्णय सरळ आहे. लग्नातला गडद सूट अजून अंगाला येत असेल तर तोच न्या, टाय लावा, विषय संपला. येत नसेल तर जोधपुरी शिवा. टाय नको, बो नको, आतला शर्ट दिसत नाही म्हणून त्याची इस्त्रीही नको, आणि बहुतेक कंपन्यांच्या ‘राष्ट्रीय पोशाख’ या सवलतीत तो व्यवस्थित बसतो. मी परत आल्यावर शिवून घेतला. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या बेळगावातच असल्यामुळे कॅम्पात अफसरांचे बंदगळे आणि मेस-ड्रेस (लष्करी मेजवानीचा गणवेश) शिवून हात बसलेले टेलर आहेत, त्यांच्याकडे जा. मॉलमधला तयार जोधपुरी खांद्यात हमखास फसतो. कोट-पँटला कापड तीन ते सव्वातीन मीटर लागतं, मोठ्या पन्ह्याचं. टेरीवूल घ्या, फार जाड नको. जहाजात एसी कडक असतो पण बंदरावर रांगेत घाम फुटतो. रंग नेव्ही ब्लू. काळा शिवलात तर घरची मंडळी पुढे कुठल्या लग्नात घालू देणार नाहीत. टेलर पितळी बिल्ल्याची बटणं दाखवेल, नको म्हणा, साडूंचं वाक्य आठवा. साधी किंवा त्याच कापडाने मढवलेली बटणं लावायची. छातीवर जरीचं काम नको, ते नवरदेवाला. कॉलरचा हूक लावून दोन बोटं आत जातात का ते ट्रायललाच बघा, चार कोर्सचं जेवण गळा आवळून होत नाही.

इस्त्री बॅगेत घालू नका, कपड्यांचा स्टीमरही नको. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर दोन्ही चढताना काढून घेतात आणि उतरताना परत देतात. सुरकुत्या पडल्या तर कोट बाथरूममध्ये टांगून गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं सोडा, जोधपुरीला तेवढं पुरतं. इस्त्री करून हवीच असेल तर केबिनवाल्याला सकाळीच द्या. दर कपड्यागणिक आणि डॉलरमध्ये असतो, आणि फॉर्मल नाइटच्या दिवशी सगळं जहाज इस्त्रीला निघतं. कोट आणि बूट हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात, त्या केबिनच्या दारात कधी येऊन पडतील ते त्यांच्या सोयीवर. आमच्या समोरच्या केबिनमधल्या गृहस्थांची बॅग दुसऱ्या मजल्यावर सापडली, रात्री साडेदहाला.

जिन्यापाशी पडदे लावून फोटोग्राफर उभे असतात, त्यांच्यासमोर हौसेने पोझ द्या, फुकट आहे. पैसे लागतात प्रिंट घेताना, आणि दर ऐकून तोंड कडू होतं. आम्ही आपापल्या मोबाइलवर काढले.

बाकीच्या रात्री ‘स्मार्ट कॅज्युअल’ असतात. फुल पँट, कॉलरचा शर्ट, बूट, बास. बर्म्युडा आणि स्लीपर घालून मुख्य डायनिंगला जाऊ नका. वाटेतली पेनांग आणि फुकेट ही बंदरं छान आहेत, तिथे काहीही घाला.

टेलरचं एकच लक्षात ठेवा: तुळशीच्या लग्नानंतर कॅम्पातला कुठलाही टेलर तारीख पाळत नाही. डिसेंबरची क्रूझ असेल तर कापड दसऱ्यापूर्वी टाका आणि ट्रायलला तेच काळे बूट घालून जा, म्हणजे पँटची उंची चुकणार नाही.