ताई, कॅबिनेट शेवटचं कधी उघडलंस?

धाकट्या भावाने मागच्या महिन्यात नवीन कॉम्प्युटर घेतला. कॉम्प्युटर कसला, डबीच ती. मॉनिटरच्या मागे चार स्क्रूंनी लावून टाकली, टेबलावर एक वायर दिसत नाही, आवाज नाही, काही नाही. आणि माझ्या टेबलाखाली ते धिप्पाड काळं कॅबिनेट, ज्याला आमच्या घरात सगळे अजून 'सीपीयू' म्हणतात, केर काढताना प्रत्येकाचा पाय त्यावर आपटतो आणि पंख्यात साठलेल्या धुळीवरून बोलणी मात्र मी खाते. तर साहेब माझ्या खोलीत आले, कॅबिनेटकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "ताई, हे शेवटचं कधी उघडलंस?"

मी म्हटलं उघडते की सारखी. अपग्रेड करता येतं म्हणून तर हे घेतलंय. तो म्हणाला, बरं, मग मोज.

आणि मोजायला बसले तर पाच निघाले. आठ वर्षांत पाच वेळा (धूळ काढायला उघडलं ते धरत नाहीये, ते धरलं तर जास्त होतील पण फार नाही). २०१७ ला घेतलं तेव्हा एएमडी कंपनीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू), ८ जीबी रॅम आणि खडखड करणारी हार्डडिस्क. मग अजून ८ जीबी रॅम टाकली. मग एसएसडी टाकली (काम हार्डडिस्कचंच, पण चिपवाली आणि कितीतरी वेगवान), आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त फरक त्या एकाच गोष्टीने पडला, बाकी सगळं मिळूनसुद्धा तेवढा नाही पडला. मग एके दिवशी बटण दाबलं तर काहीच होईना, एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, गेला होता. मग २०२२ मध्ये प्रोसेसर बदलला आणि त्याच वर्षी ग्राफिक्स कार्ड. बस. मदरबोर्डवरचे (ज्या मोठ्या पाटीवर सगळे भाग बसतात ती) दोन स्लॉट आजपर्यंत तसेच रिकामे आहेत, आणि 'उद्या मोठं कार्ड घेतलं तर' म्हणून जो जास्त वॅटचा एसएमपीएस घेतला होता तो बिचारा त्या मोठ्या कार्डाची वाट बघत बघतच मेला.

म्हणजे भावाचं निम्मं बरोबर होतं हे मला कबूल करावंच लागलं. आपण टॉवर (म्हणजे असलं उभं कॅबिनेट) घेतो तेव्हा जे काय काय करू म्हणून घेतो त्यातलं बरंचसं कधीच होत नाही. प्रोसेसरचंच बघा ना. 'नंतर चांगला प्रोसेसर टाकू' हे वाक्य मी कितीतरी लोकांकडून ऐकलंय आणि टाकलेला माणूस क्वचित बघितलाय, कारण टाकायची वेळ येईपर्यंत सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, बदललेलं असतं. इंटेलने तर २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले तेव्हा सॉकेटचं नाव तेच होतं, ११५१, बसायला तो बसायचाही, पण आदल्या पिढीच्या मदरबोर्डवर चालायचा नाही. आणि मदरबोर्ड बदला म्हटलं की आता रॅम पण बदला, कारण जुन्या डीडीआर४ रॅमची पट्टी नव्या डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये जातच नाही, खाच वेगळ्या जागी असते. प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही नवीन घेतल्यावर तुम्ही अपग्रेड काय केलंत, तर पत्र्याचा डबा वाचवलात.

माझं नशीब एवढंच की मी एएम४ सॉकेटवाला बोर्ड घेतला होता. ते सॉकेट एएमडीने फारच लांब चालवलं, पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत, आणि २०२२ मध्ये तर जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही बायोसचं (मशीन सुरू करणारं, बोर्डातच असलेलं सॉफ्टवेअर) अपडेट देऊन टाकलं. मी बायोस टाकला (हात कापत होते, मध्येच लाइट गेली असती तर बोर्डाचं वाटोळं), १६०० काढला, ५६०० बसवला, आणि कॉम्प्युटर परत तरुण. त्याचा खरा फायदा नंतर कळला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ पहिल्या पिढीचा रायझन अधिकृतपणे घेतच नाही. ५६०० घेतं. म्हणजे माझं अख्खं मशीन एका चौकोनी चिपमुळे भंगारात जायचं वाचलं. पण हे मी ठरवून केलेलं नव्हतं हो, लॉटरी लागली.

आता दुसरी बाजू, जी मी भावाला त्याच दिवशी सांगितली आणि तो गप्प बसला, कारण त्या प्रसंगाला तो पण होता. आईचा ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनच्या मागेच अख्खा कॉम्प्युटर असलेला.

आईचा कॉम्प्युटर दिसायला इतका सुंदर होता की पाहुणे विचारायचे कुठून घेतला. पातळ, चकचकीत, बाकी सगळं आतच. आधी तो हळू झाला, कारण आत साधी हार्डडिस्क होती. म्हटलं एसएसडी टाकू, पंधरा मिनिटांचं काम. तर मागे झाकणच नाही! आत जायचा रस्ता समोरून, स्क्रीन उचकटून, आणि स्क्रीन चारी बाजूंनी डिंकाच्या पट्टीने चिकटवलेली. मी यूट्यूबवर बघितलं, पातळ चाक फिरवून ती पट्टी कापायची, काच तडकू द्यायची नाही, आतली बारीक केबल ताणू द्यायची नाही, मग परत नवीन पट्ट्या लावून चिकटवायची. मी माझं कॅबिनेट डोळे मिटून उघडू शकते, पण हे करायची हिंमत झाली नाही. आई अजून दोन वर्षं त्या हळू मशीनवर बसली, क्लिक करायची आणि तेवढ्यात दुसरं काम उरकून यायची. मग एक दिवस आतला मदरबोर्ड गेला. आणि मला खरा राग आला तो इथे, कारण स्क्रीनला काहीही झालेलं नव्हतं. एकदम झकास स्क्रीन. पण मागे साधं एचडीएमआय इनपुट नाही, त्यामुळे दुसरा कॉम्प्युटर जोडून मॉनिटर म्हणूनही वापरता येईना.

हे मला सगळ्यात मूर्खपणाचं वाटतं. चांगली स्क्रीन दहा-बारा वर्षं आरामात चालते. तिच्या मागचा कॉम्प्युटर त्याच्या निम्म्या वेळात म्हातारा होतो. या दोघांना डिंकाने एकत्र चिकटवायचं म्हणजे जो आधी जाणार त्याने दुसऱ्यालाही घेऊन जायचं.

आणि माझा एसएमपीएस गेला तेव्हा काय झालं? दुसरा एटीएक्स एसएमपीएस आणला, चार स्क्रू काढले, केबल काढल्या, लावल्या, तासाभरात काम सुरू. कारण एटीएक्स हे इंटेलने १९९५ मध्ये ठरवून दिलेलं माप आहे आणि स्क्रूची भोकं तिथल्या तिथेच आहेत. (टॉवर दिसला की आत सगळं स्टँडर्डच असेल असं मात्र समजू नका. आमच्या ऑफिसात एका मोठ्या ब्रँडचे टॉवर आहेत, दिसायला अगदी साधे, आतमध्ये एसएमपीएसचं कनेक्टर स्वतःचंच, बोर्डाचा आकार स्वतःचाच. उघडता येतं, पण उघडून करायचं काय.)

तर माझ्या यादीतल्या पाच वेळांकडे परत बघितलं तेव्हा लक्षात आलं की आपण 'अपग्रेड' म्हणतो तो शब्दच चुकीच्या जागी जोर देतो. मला जे उपयोगी पडलं ते नवीन भारी काहीतरी टाकता येणं नव्हतं, एक वस्तू गेली की तेवढीच बदलता येणं होतं. एसएमपीएस गेला, एसएमपीएस बदलला. हार्डडिस्क नकोशी झाली, ती काढली. आईच्या मशीनमध्ये नेमकं तेच नव्हतं.

भाऊ म्हणाला, पण मग माझ्या डबीत काय वाईट आहे, स्क्रीन वेगळी, कीबोर्ड वेगळा, डबी गेली तर डबी बदलेन. आणि याच्यावर मला पटकन उत्तर सुचेना. एसएसडी त्याला बदलता येते, एम.२ मापाची आहे, २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, एका स्क्रूची. फक्त रॅम सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डालाच कायमची जोडलेली आहे. म्हटलं हीच ती चोरी, नंतर वाढवता येऊ नये म्हणून केलेली, म्हणजे घेतानाच महागडी घ्यावी लागते.

पण रॅमच्या बाबतीत मी जरा वाचत बसले आणि माझं मत थोडं सैल झालं. सोल्डर करण्यामागे नुसती लबाडी नसते. रॅम स्लॉटमध्ये असली की सिग्नलला बोर्डावरून लांबचा रस्ता, मध्ये सॉकेटचा जोड, आणि वेग वाढवत नेला की त्या जोडाशी सिग्नल बिघडायला लागतो. साध्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर५-५६०० च्या दोन पट्ट्या लावल्या तर सेकंदाला साधारण ९० जीबी डेटा जातो. प्रोसेसरच्या शेजारी सोल्डर करून, रस्ता दुप्पट रुंद करून आणि वेग वाढवून तोच आकडा २५६ जीबीवर जातो. ज्या चिपमध्ये ग्राफिक्स पण आतच आहे आणि तीच मेमरी वाटून घेते तिला हा फरक जाणवतो. फ्रेमवर्क ही कंपनी ओळखलीच जाते ती सगळं उघडता-बदलता येणाऱ्या लॅपटॉपसाठी, पण २०२५ मध्ये त्यांनी डेस्कटॉप काढला तर त्यातही रॅम सोल्डर. एएमडीबरोबर बसून प्रयत्न केला, त्या वेगाला जमलं नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. बोर्ड मात्र त्यांनी मिनी-आयटीएक्सचा ठेवला, १७ सेंटिमीटरचा चौकोन, उद्या दुसऱ्या कॅबिनेटमध्येही बसेल.

एसएसडी सोल्डर करायला मात्र असं काहीही कारण नाही. तिथे मी अजून भांडायला तयार आहे.

हा वाद काही आपल्या पिढीचा नाही म्हणा. १९७७ च्या अ‍ॅपल २ मध्ये आठ स्लॉट होते ते तो बनवणाऱ्या वॉझ्नियॅकने हट्ट धरला म्हणून, त्याचा भागीदार जॉब्जला दोनच पुरेसे वाटत होते. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये मग एकही स्लॉट नाही, १२८ केबी मेमरी सोल्डर केलेली, आणि उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागायचा. त्याच वर्षात ५१२ केबीवाला आला, कारण १२८ पुरत नव्हती.

आणि २०१३ चा मॅक प्रो, तो काळा सिलिंडर! मला तो अजून आवडतो, खोटं कशाला बोलू. २५ सेंटिमीटर उंच, मध्ये त्रिकोणी धातूचा खांब, तिन्ही बाजूंना बोर्ड चिकटलेले, वरून एकच पंखा सगळ्यांची गरम हवा ओढून घेणार. बघत बसावं असं. पण तो खांब दोन मध्यम ग्राफिक्स कार्डांच्या हिशोबाने बनवलेला होता, आणि जग गेलं एकाच मोठ्या तापट कार्डाकडे. त्या खांबाला ते झेपणार नव्हतं. वर्षानुवर्षं नवीन मॉडेल नाही, आणि २०१७ मध्ये अ‍ॅपलच्या लोकांनी पत्रकारांना बोलावून मान्य केलं की उष्णतेच्या बाबतीत आम्ही आमच्याच डिझाइनमुळे कोपऱ्यात सापडलो. २०१९ मध्ये परत टॉवर काढला, आठ स्लॉटांचा. गंमत म्हणजे २०२३ च्या मॉडेलमध्ये टॉवर तोच, स्लॉट आहेत, पण त्यात ग्राफिक्स कार्ड चालत नाही आणि रॅम चिपलाच जोडलेली. नुसतं उघडणारं झाकण बघून फसू नये ते असं.

सिलिंडरचं मी भावाला सांगितलं तर तो म्हणाला, माझ्या डबीला कशाला मोठं कार्ड, मी काय रेंडर करतो का. ते पण खरं. तो दिवसभर ब्राउझर आणि एक्सेलमध्ये असतो. मी व्हिडिओ एडिट करते, एक्सपोर्ट लावला की कार्ड तापतं, आणि तापलेली हवा बाहेर काढायला १२० मिलिमीटरचे पंखे सावकाश फिरलेले मला परवडतात. त्याच्या डबीतला छोटा पंखा जोर पडला की केस वाळवायच्या ड्रायरसारखा किंचाळतो, मी ऐकलाय, व्हिडिओ कॉल आणि अपडेट एकत्र चालू होते तेव्हा.

तर सध्या असं आहे. भावाने आईसाठी तसलीच एक डबी घ्यायचं ठरवलंय आणि मी हो म्हटलंय, फक्त रॅम आज लागते त्याच्या दुप्पट घ्यायची आणि एसएसडी स्क्रूवाली असली पाहिजे या दोन अटींवर. माझा टॉवर टेबलाखालीच राहणार, आता ३२ जीबी करायचा विचार आहे.

आणि त्या ऑल-इन-वनची स्क्रीन अखेर उचकटली. दोघांनी मिळून, जुन्या एटीएम कार्डाने, अडीच तास. काच तडकली नाही. पॅनेलच्या मागच्या नंबरावरून त्याला चालणारा एक कंट्रोलर बोर्ड सापडलाय, तो लावला की एचडीएमआय मिळेल आणि तीच स्क्रीन नवीन डबीला जोडता येईल. बोर्ड यायचाय. तोपर्यंत पॅनेल माझ्या पलंगावर चादरीत गुंडाळून ठेवलंय आणि मी खाली गादी टाकून झोपतेय.