पावसात नॅरोबोट: चर्क ते लँगॉलन

नॅरोबोट, म्हणजे ब्रिटनच्या कालव्यांतली लांब, अरुंद बोट, भाड्याने घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पाऊस आला तर?" येणारच. इंग्लंड-वेल्स सीमेवरच्या लँगॉलन कालव्यात आम्ही सप्टेंबरअखेर बोट काढली, तेव्हा सकाळपासून रिपरिप लागली होती. कोकणातला आषाढ पाहिलेल्याने त्याला पाऊसही म्हणू नये, पण उघड्यावर उभं राहिलं की तोही हाडात शिरतो.

आणि उभं राहावं लागतंच. बोट जेमतेम सात फूट रुंद, लांबीला आमची साठ फूट, आणि चालवणारा अगदी मागच्या टोकाला टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरून. छत्रीचा नाद सोडा. एक हात अडकलेला असतो आणि पुलांच्या कमानी ठेंगण्या. रेनकोटाच्या टोपडीमुळे बाजूचं दिसत नाही, त्यापेक्षा रुंद काठाची टोपी बरी. वॉटरप्रूफ पँट आणि हातमोज्यांचे दोन जोड हवेतच. मुख्य म्हणजे अर्ध्या तासाने पाळी बदला. माझा धाकटा भाऊ "ताई, तू आत बस" म्हणत टिलर सोडेना. भज्यांचा वास आल्यावर हलला, तोवर हाताची बोटं इतकी आखडली होती की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायला.

आत शेगडी पेटलेली, काचांवर वाफ. गारठा येतो म्हणून हवेच्या जाळ्या बुजवायचा मोह होतो. तेवढं मात्र करू नका. शेगडी आणि गॅस चालू असताना कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइडचा खरा धोका असतो.

चर्क ते लँगॉलन अंतर सुमारे अकरा किलोमीटर, वेळ धरा चार-साडेचार तास. वाटेत एकही लॉक (बोट वरच्या-खालच्या पातळीला नेणारं दारांचं कुंड) नाही, म्हणून नवख्यांनी पावसाळी दिवसासाठी हाच टप्पा निवडावा. ओल्या लॉकवर पाय घसरायची भीती नको. सुरुवातीलाच 1801 सालचा चर्कचा जलसेतू, म्हणजे कालवाच दरीवरून नेणारा पूल, लगेच सुमारे 420 मीटरचा बोगदा. बोगदा सरळ आणि एकेरी; समोर दिवा दिसला तर बाहेरच थांबा. आतही छतातून पाणी ठिबकतं, टोपी काढू नका. डी नदीचं पाणी या कालव्यात सोडलेलं असल्याने लँगॉलनकडे जाताना प्रवाह उलटा असतो. बोट रेंगाळते म्हणून इंजिन रेटलं तर मागची बाजू खाली बसते आणि वेग आणखी पडतो. उलट थोडं कमी करा.

मग पॉन्टकसल्टे! टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांचा 1805 सालचा जलसेतू, 307 मीटर लांब, नदीपासून 38 मीटर उंच. एका बाजूला पायवाट आणि कठडा; दुसऱ्या बाजूला, कालव्याचं पाणी ज्यातून जातं त्या लोखंडी पन्हळाची वीतभर कड, बस्स. टिलरपाशी उभं राहून खाली पाहिलं तर थेट नदी दिसते, पावसाने गढूळ होऊन खडकांवरून उसळणारी. उन्हाळ्यात इथे बोटींची रांग लागते. आम्हाला पायवाटेवर एक कुत्रा फिरवणारा माणूस भेटला, तेवढाच. माझ्या मते हा पूल पावसातच पाहावा.

त्रास दिला तो वाऱ्याने. पन्हळात बोट कडेला घासत जाते, पण बाहेर जाऊ शकत नाही, तेव्हा घाबरू नका. खरी परीक्षा पलीकडे ट्रेव्हरला, जिथे लँगॉलनसाठी काटकोनात डावीकडे वळायचं असतं. सपाट तळाची बोट तिथे वारा नेईल तिकडे सरकते. वळणाआधी एकाला बांबू देऊन पुढच्या टोकाला बसवा, मात्र ओल्या छतावरून चालत पाठवू नका.

लँगॉलनच्या अलीकडे कालवा खडकात कोरलेला, एकच बोट मावेल इतका अरुंद. कुणाला तरी उतरवून पायवाटेने पुढे धाडा आणि समोरून कुणी येत नाही याची फोनवर खात्री करून घ्या. गावातल्या धक्क्यावर जागा मोजकीच, दुपारी लवकर पोहोचलेलं बरं. त्यापुढे इंजिनाच्या बोटींना मज्जाव आहे. कालव्याला पाणी देणारा हॉर्सशू फॉल्सचा बंधारा पाहायचा तर तीनेक किलोमीटर पायी. गमबूट घालूनच निघा, पायवाटेवर चिखल असतो.