अ‍ॅली पॅलीच्या टेकडीवर: मास्टर्स स्नूकर बघायला जाताना

लंडनच्या मास्टर्सचं तिकीट काढलं, तेव्हा त्या दिवशी टेबलावर कोण असणार हे मला माहीत नव्हतं. ही निमंत्रितांची स्पर्धा. जागतिक क्रमवारीतले पहिले सोळाच इथे येतात, आणि कोणाची गाठ कोणाशी हे डिसेंबरच्या सुरुवातीला यूके चॅम्पियनशिप ही दुसरी स्नूकर स्पर्धा संपताना ठरतं. तिकिटं मात्र त्याच्या खूप आधीच विक्रीला येतात. ड्रॉची वाट बघत बसलात तर चांगल्या जागा हातच्या जातात, म्हणून तारीख आपल्या सोयीची धरा आणि घेऊन टाका. माझा थोरला भाऊ हॅरोला राहतो. त्याला सोमवारी सुट्टी होती, म्हणून ८ जानेवारी २०२४. ड्रॉ निघाला आणि माझा विश्वासच बसेना: इंग्लंडचा रॉनी ओसलिव्हन विरुद्ध चीनचा डिंग जुनहुई! पाचच आठवड्यांपूर्वी यॉर्कला यूकेची फायनल याच दोघांत झाली होती, आणि ती रॉनीने १०–७ अशी जिंकली होती.

स्पर्धा होते अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये. सगळे त्याला अ‍ॅली पॅलीच म्हणतात. ही वास्तू १८७३ मध्ये उघडली, सोळा दिवसांत जळाली आणि १८७५ मध्ये पुन्हा उभी राहिली. स्नूकरचा जन्मही १८७५ चाच सांगतात, आपल्या जबलपूरच्या लष्करी मेसमधला. हे दादाला सांगितलं तेव्हा कुठे त्याला जरा रस वाटायला लागला. तोवर तो केवळ माझ्यासाठी आला होता.

जायचं कसं? ट्यूबने, म्हणजे लंडनच्या मेट्रोने, वुड ग्रीनला उतरून डब्ल्यू३ बस पकडा, ती थेट पॅलेसपाशी नेते. नाहीतर फिन्सबरी पार्कहून लोकल ट्रेनने अलेक्झांड्रा पॅलेस स्टेशन. पण तिथून चांगली चढण आहे. आई-बाबांना घेऊन जात असाल तर बसच बरी. जानेवारीत टेकडीवर वारा बोचतो, कानटोपी विसरू नका. तासभर आधी पोचा: बॅगांची तपासणी होते, आणि गच्चीवरून पसरलेलं लंडन बघायलाही थोडा वेळ हवा.

आत एकच टेबल. पहिल्या फेरीपासून फायनलपर्यंत सगळे सामने त्यावरच, दुपारी एक आणि संध्याकाळी एक. त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या टाळ्यांनी लक्ष विचलित होत नाही, आणि हीच मला या स्पर्धेची सगळ्यात मोठी श्रीमंती वाटते. जागा निवडताना अगदी पुढच्या रांगेचा हट्ट धरू नका. टेबलाची पातळी डोळ्यांसमोर आली की कोणता लाल कोणाच्या आड आहे ते कळत नाही. थोडं वर बसलं की सगळं चित्र दिसतं. ज्याला खेळ नवा आहे त्याच्यासाठी समालोचनाचा इअरपीस जरूर घ्या. दादाने घेतला, आणि दुसऱ्या फ्रेमपासून (फ्रेम म्हणजे एक डाव) तो मलाच ‘आता सेफ्टी खेळेल बघ’ असं सांगायला लागला; सेफ्टी म्हणजे बॉल न टाकता समोरच्याला अडवणारा फटका. फ्रेम चालू असताना बाहेर गेलात तर दारावरचे लोक लगेच आत सोडत नाहीत. चार फ्रेमनंतरच्या मध्यंतरात काय ते उरकून घ्या.

मध्यंतरानंतर ती फ्रेम आली. लाल, काळा. लाल, काळा. पुण्यात तासावर टेबल घेऊन खेळताना आम्ही तीन लाल आणि तीन काळे लागोपाठ टाकले तरी एकमेकांच्या पाठी थोपटायचो. इथे डिंग पंधरापैकी प्रत्येक लालनंतर सगळ्यात जास्त गुणांचा काळाच टाकत चालला होता. आठव्या-नवव्या लालनंतर सभागृहातला खोकलासुद्धा थांबला. टीव्हीवर जे कळत नाही ते मला तिथे कळलं: काळा बॉल पॉकेटच्या कातड्यावर आदळतो तो ‘थप्’ आवाज, मग रेफरी पांढऱ्या हातमोज्याने तो उचलून पुन्हा स्पॉटवर ठेवतो तेव्हाची शांतता, आणि डिंगचं टेबलाभोवतीचं चालणं, जरासुद्धा घाई नसलेलं. लालचा एक गुण, काळ्याचे सात: पंधरा लाल आणि पंधरा काळे म्हणजे १२०, आणि शेवटी उरलेले सहा रंग मिळून २७. एकूण छत्तीस पॉट. शेवटचा काळा गेला आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. १४७, टेबलावरून एका दमात मिळणारे सगळेच्या सगळे गुण! मी ओरडत होतो, दादाही ओरडत होता. डिंगने याच स्पर्धेत २००७ मध्येही १४७ केला होता.

सामना मात्र रॉनीने ६–३ असा जिंकला. पुढच्या रविवारी फायनलला तो अली कार्टरविरुद्ध ३–६ असा मागे होता, तिथून १०–७ ने जिंकला आणि आठव्यांदा मास्टर्सचा विजेता झाला. १९९५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी तो सर्वांत तरुण विजेता होता, आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सर्वांत वयस्कर. फायनल आम्ही घरी टीव्हीवर पाहिली. करंडकाला इंग्लंडचा खेळाडू पॉल हंटर याचं नाव आहे. त्याने २००१, २००२ आणि २००४ अशा मास्टर्सच्या तिन्ही फायनल १०–९ ने जिंकल्या, आणि २००६ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो कर्करोगाने गेला. आपल्या मुंबईच्या आदित्य मेहताने २०१४ मध्ये १४७ केला तो हंटरच्याच नावाने होणाऱ्या जर्मनीतल्या स्पर्धेत. म्हणून तो करंडक उंचावलेला बघताना मला भरून आलं.

सामना संपल्यावर बससाठी मोठी रांग लागते. पाय धड असतील तर स्टेशनपर्यंत चालतच उतरा. आम्ही बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता आणि खाली सगळं शहर दिव्यांनी भरलं होतं. अर्ध्या उतारावर दादा थांबला.

“अरे, तो शेवटचा काळा चुकला असता तर?”

“तर १४०.”

स्टेशन येईपर्यंत तो काही बोलला नाही.