महिन्याला दोन डब्या पुरत नाहीत

आज जीपीकडून, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडून, रक्तातली साखर तपासायच्या स्ट्रिप्स वाढवून घेतल्या एकदाच्या! इंग्लंडमध्ये इन्सुलिनवर असलेल्यांना औषधं मोफत मिळतात, पण स्ट्रिप्स लिहिताना आमची सर्जरी (जीपीचा दवाखाना) हात आखडता घेते. 50 च्या दोन डब्या म्हणजे दिवसाला जेमतेम तीन तपासण्या. टाइप वन डायबिटीससाठी 'नाइस' या इथल्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेच्या सूचना सांगतात, दिवसाला किमान 4 तपासण्या आणि गरज असेल तर 10 पर्यंत. शिवाय गाडी चालवायची तर निघण्याआधी आणि वाटेत दर 2 तासांनी साखर बघायलाच हवी. डॉक्टरीणबाईंसमोर मीटर धरलं, पहाटेचे 2.8, 3.1 (mmol/L, म्हणजे साखर फारच कमी) असे आकडे दाखवले. त्यांनी लगेच पाच डब्या लिहिल्या. पण हे असं भांडून का मागावं लागतं? इन्सुलिनचा डोस काय अंदाजाने घ्यायचा? तुम्हाला नकार मिळाला असेल तर डायबिटीस नर्सकडून पत्र घ्या आणि पुन्हा मागा.