पंप रोज देत होते, पण औषध पोचतच नव्हतं!

मुलगा सहा वर्षांचा, आम्ही सिडकोत राहतो. गणपतीत अस्थम्याचा रोजचा पंप सुरू केला, सकाळी दोन पफ संध्याकाळी दोन, तरी डिसेंबरात आपली नाशिकची थंडी पडली आणि रात्री दोन-तीनला उठून खोकायचा, छातीत घरघर. दोनदा नेब्युलायझरसाठी पळालो. सासूबाई म्हणे पंपाची सवय लागते, बंद कर. मला वाटलं औषधच लागू पडत नाहीये, म्हणून डॉक्टर बदलले.

नव्या मॅडमनी औषध वाढवलंच नाही, म्हणाल्या आधी तुम्ही कसा देता ते करून दाखवा. मी आपला रोजच्यासारखा स्पेसर (पंपाला जोडायची मास्कवाली प्लास्टिकची नळी) लावला, फुस फुस दोन पफ पाठोपाठ मारले आणि मास्क काढला. मॅडम शांत. मग त्यांनी करून दाखवलं, आधी पंप नीट हलवायचा, मास्क नाकातोंडाला घट्ट, एकच पफ, पोराने पाच-सहा श्वास घ्यायचे, अर्धा मिनिट थांबून परत हलवून दुसरा. रडत असताना द्यायचा नाही, छातीपर्यंत फारसं जातच नाही म्हणे. आणि मी तर दाबून धरून द्यायचे त्याला!!

मग विचारलं पंप कधीचा? २०० डोसचा पंप, रोज चार म्हणजे ५० दिवस. मधे दिवाळीत बरा दिसला म्हणून मीच आठ-दहा दिवस बंद केलेला (तेही चूकच, हा पंप बरं असतानाच घ्यायचा असतो, दम लागला की निळा, लगेच आराम देणारा), ते धरूनही कधीच संपलेला. म्हटलं अहो फुस्स आवाज येतो की. तर तो नुसता गॅस. इतकी लाज वाटली ना.

स्पेसर मी रोज फडक्याने चकाचक पुसायचे, त्याने औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं, साबणाच्या पाण्यातून काढून न पुसता वाळवायचा. शिवाय घरात संध्याकाळचा धूप आणि डासांची कॉईल. नाक कायम चोंदलेलं त्याचा स्प्रे वेगळा दिला.

तीन-चार आठवड्यांत रात्रीचा खोकला गेला. पंपाचं औषध तेच, डोस तोच. आता पंपावर चिकटपट्टी लावून सुरू केल्याची तारीख लिहिते. कॉईल बंद झाली, जाळी बसवली. धूप गॅलरीत गेलाय, पण अमावास्येला सासूबाई हळूच आत आणतातच.